पंचाची शिट्टी आणि खेळाडूचा गुडघा



वसंतातल्या या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, समाजकारण असे भारदस्त विषय येतात. त्यांत कबड्डीच्या मैदानावरील भांडणाला जागा कशाला, असे कुणी मनात म्हणेल. पण ज्या खेळासाठी माघाच्या थंडीत माणसे मध्यरात्रीपर्यंत उभी राहतात, आणि ज्याच्या एका गुणावरून दोन गावांचे बोलणे बंद पडते, तो खेळ क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. समाज आपल्या करमणुकीत कसा वागतो यावरून तो न्यायाविषयी काय समजतो हे पुष्कळसे कळते.

आपल्या नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे कोणताही सामना संपवून घरी परतणाऱ्या घोळक्यामागून दहा पावले चालावे. दोन तक्रारी हमखास कानी पडतील. पहिली, "पंचाने आपल्याला मारले." दुसरी, "आपला चांगला गडी जायबंदी झाला, नाहीतर सामना आपलाच होता." या दोन तक्रारी आपण वेगवेगळ्या मानतो. पहिली पंचाच्या नावे लिहितो, दुसरी दैवाच्या नावे. आज आम्हांस एवढेच दाखवायचे आहे की, या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. पंचाचा निर्णय आणि खेळाडूचे हाडमांस एकाच नियमाने बांधलेले आहे. तो नियम सैल झाला की गुणही चुकतात आणि गुडघेही मोडतात. आणि तो सैल करण्यात दोराबाहेर उभ्या असलेल्या आपल्या सर्वांचा वाटा थोडाथोडका नसतो.

प्रथम हा नियम आला कोठून ते पाहू. कबड्डीला आपल्याकडे हुतुतू म्हणत. प्रांतोप्रांती तिची नावे वेगळी आणि पद्धतीही वेगळ्या. संजीवनी पद्धतीत बाद झालेला गडी, समोरचा बाद झाला की पुन्हा जिवंत होई. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसे. अमर पद्धतीत गडी मैदानातच राही आणि गुण तेवढा मोजला जाई. गावच्या सामन्यात 'आमच्याकडे असे चालते' हा शेवटचा कायदा होता. या खेळाला एक लेखी शिस्त देण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्यतः महाराष्ट्रातील आणि बडोद्याकडील व्यायामप्रेमी मंडळींनी केले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे हा खेळ करून दाखविला. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी तर आपले आयुष्य या खेळाला दिले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली, आणि २०१४ साली व्यावसायिक लीग सुरू होऊन ती घरोघरी दूरचित्रवाणीवर पोहोचली.

आता या नियमांच्या पुस्तकातील काही कलमे पाहा. खेळाडूची नखे कापलेली असावीत. अंगाला तेल किंवा कोणताही चिकट-बुळबुळीत पदार्थ लावू नये. चढाई करणाऱ्याचा दम तोडण्यासाठी त्याचे तोंड दाबू नये. पायांची कैची घालून त्याला पाडू नये. इजा होईल अशी दांडगाईची पकड करू नये. धडाने ढकलून त्याला रेषेबाहेर घालवू नये. यांतले प्रत्येक कलम दुहेरी कामाचे आहे. तेल लावलेला गडी हातातून निसटतो, म्हणजे गुण चोरतो. आणि निसटताना दुसऱ्याचे बोटही मुरगाळतो. कैचीने चढाईवाला हमखास पडतो, म्हणजे पकड सोपी होते. आणि त्याच कैचीत त्याचा गुडघा अडकतो. न्याय आणि सुरक्षितता अशी दोन वेगळी प्रकरणे नियम करणाऱ्यांनी लिहिलीच नाहीत. अनुभवाने त्यांस कळले होते की, जी लबाडी गुण मिळवून देते तीच बहुधा शरीर मोडते.

हा नियम अमलात आणणारी माणसे किती, याचाही विचार प्रेक्षक क्वचितच करतो. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्यात एका बाजूचे सात गडी आणि समोरून आलेला एक. चढाईची मुदत ३० सेकंद. या आठ जणांच्या बत्तीस हातांपायांवर लक्ष ठेवायला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. त्यांनी एकाच वेळी दम चालू आहे की तुटला ते ऐकायचे, बोटाचा स्पर्श झाला की हवेतच राहिला ते पाहायचे, आणि पाय रेषेवर पडला की अलीकडे ते ठरवायचे. बोनस गुणाचेच पाहा. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकला पाहिजे, त्या क्षणी दुसरा पाय हवेत पाहिजे, आणि समोर निदान सहा गडी मैदानात पाहिजेत. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. दूर कठड्यावर बसलेल्या आपल्याला मात्र ते पंचाहून स्पष्ट दिसलेले असते! जुन्या काळी, आणि चांगल्या संघांत आजही, स्पर्श झालेला गडी स्वतःहून हात वर करून बाहेर जाई. त्या एका सवयीने पंचाचे अर्धे ओझे हलके होत असे. ती सवय जितकी कमी झाली तितका पंच एकटा पडला.

तरी पंच चुकतच नाहीत असे आमचे म्हणणे नाही. नियमच दोन असतील तर उत्तम पंचही गोंधळतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण अलीकडचे आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझाऊ येथे आशियाई स्पर्धांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. मैदानाच्या दोन्ही कडांना एक एक मीटरची पट्टी असते. तिला राखीव क्षेत्र म्हणतात. स्पर्श होऊन झटापट सुरू झाली की ही पट्टी मैदानात धरतात. स्पर्शापूर्वी मात्र तीत पाय टाकणारा बाद होतो. सामना २८-२८ असा बरोबरीत असताना आणि थोडाच वेळ उरला असताना भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात शिरला. त्याच्या मागोमाग त्याला पकडण्यासाठी इराणचे गडीही तेथे धावले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे चढाईवाल्याच्या मागे राखीव क्षेत्रात गेलेले गडीही बाद, म्हणजे भारताला अनेक गुण. दुसऱ्या, सुधारलेल्या नियमाप्रमाणे चढाईवाला बाद होताच खेळ तेथेच थांबला, म्हणजे बाकीच्यांचा हिशेब नाही. पंचांनी एक निर्णय दिला, मग बदलला, मग पुन्हा चर्चा. एकदा एका संघाने दाद मागितली, एकदा दुसऱ्याने. खेळाडू मैदानातच बसून राहिले. सुमारे तासभर सुवर्णपदकाचा सामना थांबला. अखेर निर्णय भारताच्या बाजूने लागला आणि आपण ३३-२९ असा विजय मिळविला.

आपण जिंकलो म्हणून आपल्याकडे त्या तासाविषयी फारसे कुणी बोलले नाही. हेच गुण उलट गेले असते तर गावोगावी काय बोलणे झाले असते, याची कल्पना प्रत्येकाने आपल्या मनाशी करावी. प्रेक्षकाची न्यायबुद्धी त्याच्या संघाच्या गुणफलकाला बांधलेली असते, हा या प्रसंगाचा पहिला धडा. दुसरा अधिक महत्त्वाचा. तेथे चूक शिट्टी वाजविण्यात झाली नव्हती. कोणता नियम लागू आहे हे सामन्यापूर्वी सर्वांना एकसारखे माहीत नव्हते. म्हणजे अर्धा तंटा पंचाच्या डोळ्यांचा नसतो, आयोजकांच्या अंगच्या आळसाचा असतो.

याच पवन सेहरावतची दुसरी हकीगत आपल्या विषयाच्या दुसऱ्या अंगाला लागते. २०२२ सालच्या लिलावात त्याला २ कोटी २६ लाख रुपयांस तमिळ थलायवाज संघाने घेतले. लीगमध्ये तोवर एवढी बोली कुणावर लागली नव्हती. त्या ऑक्टोबरमध्ये संघाच्या पहिल्याच सामन्यात, खेळ सुरू होऊन थोडीच मिनिटे झाली असताना, एक पकड करण्याच्या प्रयत्नात त्याचा गुडघा दुखावला आणि तो साऱ्या हंगामाला मुकला. पुढे तो बरा झाला, देशाचा कर्णधार झाला, आणि पुढच्या लिलावात त्याची बोली आणखी चढली. त्याच्यामागे शल्यविशारद होते, व्यायामोपचार करणारे होते, संघाचा पैसा होता. हे 'मागे होते' शब्द आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे त्यांची गरज लागणार आहे.

गुडघा असा मोडतो कसा? हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा आहे. पुढे-मागे वळण्यासाठी तो केलेला आहे, पिळण्यासाठी नव्हे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना आतून दोन चिवट दोऱ्या बांधून ठेवतात. त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून जातात. त्यांतली पुढची दोरी नडगी पुढे सरकू देत नाही आणि पिळाला आवर घालते. चढाईवाल्याचा घोटा कुणी जमिनीशी पकडून धरला, आणि तो सुटण्यासाठी धड गर्रकन फिरवू लागला, की खालचे हाड जागच्या जागी राहते, वरचे फिरते, आणि सारा पीळ त्या दोरीवर येतो. पुष्कळदा त्या वेळी आतून 'कट्' असा आवाज ऐकू येतो आणि काही तासांत गुडघा सुजतो. दोरी पुरती तुटली तर ती हाडासारखी आपोआप जुळून येत नाही. शस्त्रक्रिया आणि त्यानंतर बहुधा नऊ महिने ते वर्षभराचा व्यायाम, असा तो मार्ग आहे. फसवणूक अशी की, सूज उतरल्यावर माणूस सरळ रस्त्याने चालू शकतो. 'झाला बरा' असे म्हणून तो पुन्हा मैदानात उतरतो, आणि पहिल्याच वळणावर गुडघा त्याला दगा देतो. प्रत्येक दग्यागणिक आतली कूर्चा झिजते.

सगळ्याच दुखापती नियमभंगाने होतात असे नाही. कबड्डी हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ आहे आणि प्रामाणिक पकडीतही पाय मुरगळतो. पण काही दुखापती अशा असतात की त्या पंचाच्या हातात असतात. चढाईवाला पुरता अडकला, दम तुटला, तरी शिट्टी वाजली नाही. मग अंगावर पाचवा गडी पडतो, सहावा पडतो. शिट्टीला झालेल्या दोन सेकंदांच्या उशिरात त्या खालच्या पोराच्या पायावर चार माणसांचे वजन येते. किंवा उलट, शिट्टी वाजून गेली, चढाईवाल्याने अंग सैल सोडले, आणि तेवढ्यात कुणी रागाने त्याचा पाय ओढला. सावध असलेला स्नायू सांध्याला सांभाळतो, सैल पडलेला सांभाळत नाही. अशा गैरवर्तनासाठी पंचाजवळ तीन कार्डे दिलेली आहेत: हिरवे ताकीद देण्याचे, पिवळे दोन मिनिटे बाहेर बसविण्याचे, लाल सामन्यातून काढण्याचे. ज्या सामन्यात पहिली दांडगाई हिरव्या कार्डावर थांबते, तेथे दुसरी बहुधा होत नाही. जेथे पहिलीकडे पंच पाठ फिरवितो, तेथे दुसरी बाजू स्वतःच न्याय करू लागते.

आणि पंच पाठ का फिरवितो? कारण त्याला सामन्यानंतर त्याच गावातून मोटारसायकलवर घरी जायचे असते. यजमान गावाच्या गड्याला पिवळे कार्ड दाखविले की कठड्यावरून शिव्यांचा भडिमार होतो, कधी दगडही येतो. दोन-तीन सामन्यांत हा अनुभव घेतलेला पंच शिट्टी उशिरा वाजवू लागतो, कार्ड खिशातच ठेवतो. चौथ्या सामन्याला तो येतच नाही. त्याच्या जागी नियम कमी जाणणारा आणि कुणाला न दुखविणारा येतो. अशा रीतीने आपल्याच आरडाओरड्याने आपण वाईट पंच तयार करतो, आणि वाईट पंच आहेत म्हणून पुन्हा ओरडतो. या फेऱ्यात भरडला जातो तो कोपऱ्यात उभा असलेला सतरा वर्षांचा पोरगा.

पंच आणि शरीर यांची ही गाठ कबड्डीतच आहे असे नव्हे. आपला दुसरा लाडका खेळ कुस्ती. दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला टेकले की चितपट, इतका साधा नियम. पण तो क्षण केवढा लहान! २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला. आपले खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहा, असे राक्षे यांचे म्हणणे होते. राग अनावर होऊन ते पंचाच्या अंगावर गेले. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यांनीही निर्णयावर चिडून आखाडा सोडला. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद आपण येथे सोडविणार नाही. लक्षात घ्यायचे ते हे की, शंका घेण्याची शांत आणि मान्य वाट सर्वांना खुली असल्याचा विश्वास नव्हता, म्हणून हात-पाय पुढे आले. पैलवानाची तीन वर्षे म्हणजे त्याच्या उमेदीचा मोठा तुकडा असतो.

कुस्तीतलेच एक जुने उदाहरण. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात की, एक दीर्घ झुंज झाल्यावर नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती त्यांना मिळाली नाही. लगेच पुढची लढत द्यावी लागली, आणि त्यांच्या वतीने नियम दाखवून बोलायला भारताचा कुणी अधिकारी तेथे नव्हता. विश्रांतीचा नियम हा शरीराचा नियम, आणि तो मागण्याची व्यवस्था हा न्यायाचा नियम. दोन्ही एकाच वेळी हुकले.

क्रिकेटमध्ये १९६२ साली बार्बाडोसला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीवर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. जीव वाचविण्यासाठी शस्त्रक्रिया झाली, रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. पण कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कधी कसोटी खेळले नाहीत. त्याच सामन्यात पुढे एका पंचाने ग्रिफिथचा चेंडू 'फेकी' म्हणून अवैध ठरविला. हात कोपरात वाकवून चेंडू फेकू नये हा नियम वरवर तांत्रिक दिसतो. पण फेकलेल्या चेंडूचा अंदाज फलंदाजाला येत नाही, हे मनात आणले की त्या तांत्रिक नियमामागे माणसाचे डोके उभे आहे हे दिसते.

आता थोडे परदेशाकडे पाहू, कारण जेथे पैसा आणि यंत्रे मुबलक आहेत तेथे हा प्रश्न सुटला असेल असे आपणांस वाटते. अमेरिकेत फुटबॉल नावाचा खेळ बहुतांशी हाताने खेळतात. शिरस्त्राण घालून एकमेकांवर धडका देण्याचा तो राष्ट्रीय खेळच म्हणावा. २०१२ साली तेथील व्यावसायिक संघटनेचा नेहमीच्या पंचांशी मानधनावरून तंटा झाला, आणि संघटनेने बदली पंच आणून सामने चालविले. २४ सप्टेंबरला सिॲटल येथे सामन्याच्या शेवटच्या क्षणी शेजारी उभ्या असलेल्या दोन बदली पंचांनी एकाच झेलावर दोन निरनिराळ्या खुणा केल्या. देशभर एवढा गहजब झाला की दोन दिवसांत जुन्या पंचांशी समेट करावा लागला. कालपर्यंत ज्यांस शिव्या देत होते त्याच पंचांचे प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून स्वागत केले. पंच स्वस्तात मिळत नसतो, हे त्यांना त्याच्या गैरहजेरीत समजले.

पुढे जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका निर्णायक सामन्यात उघड दिसणारा धक्का पंचांनी दिला नाही आणि स्थानिक संघ हरला. लोकक्षोभामुळे अशा निर्णयांची चित्रफितीवरून फेरतपासणी करण्याचा नियम झाला, आणि त्यातून वाद कमी न होता वाढले म्हणून एका हंगामानंतर तो सोडूनही दिला. रागाच्या भरात केलेला नियम फार दिवस टिकत नाही. यंत्र पंचाला मदत करते, पण पंचाविषयीचा विश्वास यंत्रातून येत नाही.

त्याच देशात २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे दमार हॅमलिन हा तरुण खेळाडू धडकेनंतर मैदानातच कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानाच्या कडेला तयार असलेल्या मंडळींनी तत्काळ छाती दाबून आणि विजेचा धक्का देऊन ते पुन्हा सुरू केले. तो सामना तेथेच थांबला, पुन्हा कधी खेळविलाच गेला नाही, आणि त्याविषयी तक्रार ऐकू आली नाही. हॅमलिन त्याच वर्षी पुन्हा खेळू लागला. त्याला वाचविणारी माणसे तेथे योगायोगाने नव्हती. कुणीतरी ती आधीपासून नेमून, शिकवून, उभी केली होती.

आता घरी येऊ. आपला जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला. तापीकाठची सपाटी आणि वर सातपुड्याचे डोंगर, अशी त्याची मांडणी. अक्कलकुवा-धडगावकडची पोरे डोंगर चढून-उतरून वाढलेली. त्यांचे पाय आणि दम कुणाला हेवा वाटावा असे. या पोरांना खेळाने काय मिळते? राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे एखाद्या सामन्यातला एक गुण पुढे कुणाच्या नोकरीपर्यंत पोहोचू शकतो. पंचाच्या निर्णयावर घरचे लोक चिडतात ते उगाच नव्हे.

पण याच पोरांपैकी अनेकांची घरे हंगामात ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात. व्यावसायिक खेळाडूच्या मागे जे जे होते असे आम्ही मघाशी म्हटले, त्यातले या पोरामागे काय आहे? त्याचा गुडघा गेला तर बोली थांबत नाही, चूल थांबते. वाकून ऊस तोडणे, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणे, हे लटक्या गुडघ्याने होत नाही. शस्त्रक्रिया होते, पण ती दूरच्या मोठ्या शहरात, आणि वर्षभर घरी बसून व्यायाम करण्याची चैन मजुराला नसते. म्हणून पकडीच्या वेळी "दाब, मोड त्याचा पाय" असे कठड्यावरून ओरडणाऱ्याने आपण काय मागत आहो याचा एकदा अर्थ समजून घ्यावा.

मग करावे काय? मोठ्या निधीची वाट न पाहता होण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून पाच मिनिटे नियम वाचावेत. राखीव क्षेत्राचा, बोनसचा, कार्डांचा. पाहुण्यांचे सत्कार पाच मिनिटांनी कमी केले तर तेवढा वेळ निघतो. वादाचा निर्णय झाला की तो का झाला हे त्याच ध्वनिक्षेपकावरून एका वाक्यात सांगावे. आक्षेप फक्त कर्णधाराने घ्यावा, आणि लेखी घ्यावा. त्याला उत्तर मिळेल अशी व्यवस्था असावी. पंच दोन्ही गावांखेरीज तिसऱ्या गावचा असावा, त्याला मानधन, पाणी आणि घरी पोहोचविणारी सोबत असावी.

मैदानाची माती आदल्या दिवशी खणून, खडे वेचून, पाणी मारून ठेवावी. मॅट असेल तर तिचे सांधे उघडे नसावेत. कडेला एक स्ट्रेचर, बर्फ, पट्ट्या, फळ्या आणि एक वाहन असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सर्वांना ठाऊक आहे, पण ती येईपर्यंतचा वेळ आपला असतो. त्या वेळात काय करू नये हे अधिक महत्त्वाचे. सुजलेल्या गुडघ्याला तेल लावून चोळू नये, झटका देऊन 'बसविण्याचा' प्रयत्न करू नये. त्याला विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा, आणि डॉक्टरांकडे न्यावे. मानेवर पडलेल्या खेळाडूला चौघांनी उचलून उभे करू नये. डोक्याला मार लागून क्षणभरही भान गेलेल्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवू नये, तो कितीही 'मी ठीक आहे' म्हणो. कुणी कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, असे दिसले तर रुग्णवाहिकेला कळवून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहावे. प्रत्येक मंडळात निदान दोघांनी हे शिकून घेतलेले असावे. बक्षिसाच्या रकमेतला एक हिस्सा खेळाडूंच्या विम्यासाठी काढून ठेवावा. ढाल थोडी लहान झाली तरी चालेल.

आणि प्रेक्षकाने काय करावे? रागावू नये असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला राग येत नाही त्याला खेळात गोडीही नसते. पण राग योग्य जागी नेला पाहिजे. पंचाने शिट्टी उशिरा वाजविली म्हणून गडी चिरडला गेला, तर त्याचा जाब आयोजकांना विचारा. दांडगाईवर कार्ड निघाले आणि ते आपल्या गावच्या गड्यावर निघाले, तर टाळी वाजवा; निदान गप्प राहा. गावच्या गड्याविरुद्ध बरोबर निर्णय देणारा पंच हा त्या गावच्या पोरांचाही रक्षक असतो, कारण पुढच्या सामन्यात तोच पंच दुसऱ्या गावच्या दांडग्याला आवरणार असतो.

येत्या हंगामात आपल्या शहरात, आपल्या तालुक्यांत पुन्हा चुन्याच्या रेषा पडतील, दिवे लागतील, चढाया होतील. निर्णय काही बरोबर येतील, काही चुकतील. त्या रात्री हरलेल्या संघाचे आणि जिंकलेल्या संघाचे मिळून चौदाही गडी आपल्या पायांनी चालत घरी गेले की नाही, हा प्रश्न गुणफलक पाहून झाल्यावर प्रत्येकाने विचारावा, एवढीच आमची आपणां सर्वांस विनंती आहे.